उभ्या जीपची खडखड

जीप चालत असली की गुमान असायची. उभी राहिली की खडखडायची. शिमग्याच्या सुमाराला हे सुरू झालं आणि चैत्र अर्धा सरला तरी थांबलं नाही. सुकलू ड्रायव्हर लाकडाच्या डेपोवरून गाडी आणून अंगणातल्या मोहाखाली लावायचा, आणि इंजिन बंद होईपर्यंतच्या तेवढ्या वेळात सगळं घर थबकायचं. चुलीपुढे शकुबाईचा हात परातीत थांबे, ओसरीतल्या खाटेवर बापूजी कूस बदलत, आणि गुणवंतराव बैठकीतून उठून मागच्या परसात निघून जात. कमळा जिथे असेल तिथे उभी राहून ऐकत राही.

तिला त्या आवाजाचा राग येत नव्हता. मोहाच्या दिवसांत दुपारी अंगावर गुंगीच चढते. फुलं टपटपत असतात, वाऱ्याला गोड आंबूस वास येतो, डोळा कधी लागला ते कळत नाही. अशा झोपेत तिला नवरा दिसायचा, लटारू. पुरता कधीच नाही. जीपखाली आडवा पडलेला, बाहेर आलेले नुसते दोन पाय, आणि आत काहीतरी ठोकल्याची खडखड. ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी. आता निघेल, मग निघेल, म्हणून वाट बघायची, हातातला तांब्या जड होत जायचा, आणि जाग आली की अंगणात सुकलूने जीप आणून उभी केलेली असायची.

लटारूला जाऊन आठवा महिना लागला होता. भादव्यातला ताप, चार दिवसांत माणूस संपला. कमळा तेव्हा आजारी आईपाशी सिरोंच्याला होती. नद्या फुगलेल्या, रस्ते बुडालेले. तिला कार्ड मिळालं ते तेरावं उरकल्यावर. कार्ड लिहिणारे गुणवंतराव, लटारूचे थोरले भाऊ. आठ महिन्यांत तिने त्यांना हे एक माफ केलं नव्हतं. नदीचं पाणी कितीही असो, तार तर करता आली असती.

करती सवरती असती तर तिने तोंडावर विचारलं असतं. पण भासऱ्याशी बोलायचं नसतं. धाकट्या भावाच्या बायकोने नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर यायचं नाही, आलीच तर पदर नाकापर्यंत, आणि बोलणं तर नाहीच. सहा वर्षं एका घरात राहून कमळाला गुणवंतराव ठाऊक होते ते त्यांच्या पावलांवरून आणि वहाणांच्या करकरीवरून. काही सांगायचं झालं तर मध्ये शकुबाई. ही थोरली जाऊ मोठी हुशार. इकडचा निरोप तिकडे नेताना ती त्यातलं तिखट काढून टाकी, आणि कधी मनात आलं तर आपल्या पदरचं मीठही घाली. घर त्यावरच चाललं होतं.

जीप लटारूची. लढाईतून उरलेली, नागपूरच्या लिलावात त्याने हौसेने घेतलेली. कमळा कार्तिकात परत आली तेव्हा बापूजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, खाटेवरून एकच वाक्य बोलून दाखवलं होतं, की गाडी घरात आहे तोवर लटारूचा वाटा घरात आहे, आणि कमळाही. पोटी मूल नाही, मागे कोणी नाही. त्या एका वाक्याच्या आधाराने ती राहत होती. आणि मागच्या आठवड्यात गुणवंतरावांनी बायकोला सांगितलं होतं, चांगलं मोठ्याने, कमळाला ऐकू जाईल असं. गाडीचं इंजिन संपलं आहे, ती मोडीत काढायची. अखाजीचा सण झाला की कमळाला सिरोंच्याला पोचवून द्यायचं. तिथे तिची माय आहे, इथे तिचं कोण आहे.

त्यासाठीच आज सकाळी बल्लारपूरहून पोचू मिस्त्री आला होता. काळा, बुटका, डोक्याला रुमाल. त्याने जीप सुरू करायला लावली, बॉनेट उघडून कान दिला, तोंड वाकडं केलं. गुणवंतराव दहा हातांवर पाठ करून उभे होते. तिथूनच त्यांनी विचारलं, बेअरिंग गेलं ना? मिस्त्री म्हणाला, तसंच दिसते मालक, आतलं मोठं बेअरिंग. आता हे इंजिन म्हणजे मढं. संध्याकाळी ट्रक येतो, त्यावर घालून नेतो.

एवढ्यात सगळं आटोपलं. कमळा ओसरीच्या खांबाआड उभी होती. सहा वर्षांचा संसार, आणि त्याचा निकाल एक परका माणूस रुमालाला हात पुसत देऊन मोकळा.

पण मिस्त्रीच्या बोलण्यातली लकब तिच्या कानात बसली होती, तिच्या माहेरची तेलुगू लकब. तिने त्याला चहा नेऊन दिला आणि हळूच तेलुगूत विचारलं, गाव कोणतं तुमचं? पोचूचा चेहरा एकदम उजळला. सिरोंच्याच्या पलीकडचं, अम्मा. मग तिने त्याच भाषेत सरळ विचारलं, की तुम्ही काही उघडलं नाही, सोडलं नाही, मग आतलं बेअरिंग गेलं हे कशावरून? पोचूने बशीतला चहा फुंकला. जरा वेळाने म्हणाला, खरं सांगू का अम्मा, मालकच म्हणाले बेअरिंग, मी हो म्हटलं. आवाज तसाच आहे. पण बेअरिंगचा आवाज चढावर वाढतो. तुमची गाडी चढावर काय करते?

चढावर गाडी गप्प असते, हे त्या घरातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

गुणवंतरावांना त्या दोघांचं तेलुगू कळलं नाही, पण काहीतरी शिजतंय एवढं कळलं. ते चिडून शकुबाईला म्हणाले की मिस्त्रीला जेवू घाला आणि गप बसा. शकुबाईने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा जावेकडे. एरवी ती नवऱ्याची बाजू घ्यायची, घरात शांतता राहावी म्हणून. आज तिला काय वाटलं कोण जाणे, तिने मिस्त्री काय म्हणाला ते कमळाकडून विचारून घेतलं आणि तिखट न काढता जसंच्या तसं बापूजींच्या कानावर घातलं.

बापूजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिवसभर ते अर्ध्या झोपेत असायचे, आणि झोपेत जंगलात. त्यांनी विचारलं, "सुकलूनं पाह्यलं का?"

"त्याले मी हात लावू देल्ला नाई," गुणवंतराव म्हणाले. "त्याले काय समजते?"

"झाडातलं समजते त्याले. पाहू दे. ट्रक यायले वेळ हाय."

गुणवंतरावांच्या वहाणा करकरल्या आणि परसाकडे गेल्या.

सुकलू जंगलातल्या गावाचा माडिया आदिवासी. सागाचं झाड आतून भरीव आहे की पोकळ, हे कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून सांगण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. गाडी चालवायला त्याला लटारूने शिकवलं होतं. शिमग्यापासून तो या खडखडीने हैराण होता, पण मालकांनी बजावलं होतं, नुसती चालव, खाली वाकायचं नाही. ते का, हे त्याला उमजत नव्हतं. आज बापूजींचा शब्द मिळाला तसा तो कुंपणाकडे गेला आणि बांबूची वाळकी, हातभर लांब काठी तोडून घेऊन आला.

त्याने इंजिन सुरू केलं. काठीचं एक टोक इंजिनावर टेकवलं, दुसरं कानाच्या भोकाशी धरलं आणि डोळे मिटले. मोहाची फुलं त्याच्या पाठीवर पडत होती. आधी वरच्या अंगाला. "इथी टिकटिक हाय. हे रोजचं," तो म्हणाला. मग पंख्यामागच्या पंपावर, मग डायनमोवर, मग खाली तेलाच्या टाकीवर. तिथे तो बराच वेळ थांबला. बेअरिंग असेल तर इथेच कळायचं. पोचू मिस्त्रीही बशी खाली ठेवून उठला होता.

"आत काही वाजत नाई," सुकलूने सांगितलं. "झाड भरीव हाय."

पोचूने काठी मागून घेतली, आपण ऐकलं, आणि मुकाट मान हलवली. चूक कबूल करायला त्याला लाज वाटली नाही, हे कमळाला आवडलं.

मग सुकलू उकिडवा बसून काठी गाडीच्या सांगाड्यावरून सरकवत गेला. डाव्या बाजूला, जिथे इंजिनाचा पाय सांगाड्यावर टेकतो, तिथे काठी नेताच त्याने कान झटकन मागे घेतला. आवाज तिथून येत होता. त्याने सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणली, खाली दगड लावला, आणि लाकूड फोडताना ओंडका उचलतात तसं इंजिन बोटभर उचललं.

खडखड थांबली.

सब्बल सोडली, सुरू झाली. उचलली, थांबली. अंगणातले सगळे एकमेकांकडे बघत राहिले. शकुबाई तर हसायलाच लागली, एवढ्यासाठी का महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं म्हणून.

पोचूने आता स्वतःच पुढे होऊन समजावलं. इंजिन सांगाड्यावर रबराच्या तुकड्यावर बसवलेलं असतं. गाडी धावताना इंजिन स्थिर फिरतं. उभी असताना ते थरथरतं, आणि खालचं रबर गेलं असलं तर आदळत राहतं. रबर बदललं की झालं. तो जीपखाली शिरला, तेलाने आणि धुळीने थापलेला चिखल खरवडला. मग खालूनच म्हणाला, इथं रबर नाहीच. लाकूड आहे.

दोन बोटांनी ओढताच ते बाहेर आलं. वीतभर लांबीची, एका बाजूला निमुळती केलेली पाचर. सुकलूने ती हातात घेऊन उलटीपालटी केली. धावड्याचं लाकूड. ओलं असताना ठोकलेलं, उन्हाने सुकून आक्रसलेलं. "हा बंडीचा इलाज हाय," तो म्हणाला. बैलबंडीचं चाक ढिलं झालं की ओल्या लाकडाची पाचर मारायची आणि बंडी नाल्यातून काढायची. पाण्याने लाकूड फुगतं, चाक बसतं. या मुलखात शेंबड्यालाही येतं ते. पण मोटारीला हे कोण करेल, असं पोचू म्हणाला, आणि सुकलूने शपथेवर सांगितलं की हे त्याचं काम नव्हे.

कमळाने पाचर हातात घेतली. पदराने तिचं जाड टोक पुसलं. तेलाखालून एक चांदणी वर आली. चांदणीवर चांदणी, तिरपी, अर्धी, एकावर एक, आठ-दहा तरी.

तोडलेल्या प्रत्येक ओंडक्यावर ठेकेदाराचा छाप मारतात. त्याचा हातोडा असतो, त्याच्या तोंडावर खूण कोरलेली. बापूजींच्या ठेक्यातल्या लाकडाची खूण चांदणी, आणि हातोडा एकच. तो गुणवंतरावांच्या कमरेला असे, झोपताना उशाखाली. तो लटारूलाही कधी मिळाला नव्हता.

तिने पाचर शकुबाईपुढे धरली. शकुबाईचं हसू विरलं. तिने जावेचा हात धरून तिला स्वयंपाकघरात नेलं. कमळा हळू म्हणाली, "बाई, त्यायले विचारा. हे कवा ठोकलं, अन् मले काऊन नाई सांगतलं."

शकुबाई चुलीतली राख सारखी करू लागली. त्या भादव्यात लटारूला चांद्याच्या दवाखान्यात न्यायला गेलेला नवरा परत आला तो तीन रात्री बसून होता, हे तिला आठवत होतं, आणि तिने विचारलं नव्हतं.

"हा निरोप मी नाई नेत," ती म्हणाली. "मी नेला तं त्यातलं काही ना काही सांडन. तूच जा."

"मी कशी जाऊ बाई?"

"पायानं जा."

परसात दुपार मोहाच्या वासाने जड झाली होती. गुणवंतराव कपडे धुवायच्या दगडावर बसले होते. कमळा पदर ओढून दहा पावलांवर थांबली. तिने पाचर जमिनीवर ठेवली, चांदणी वर करून, आणि म्हणाली, "भाऊजी."

सहा वर्षांत पहिल्यांदा. गुणवंतरावांनी वर पाहिलं नाही. पाचरीकडे पाहिलं.

"मले मालूम होतं ते निंगनच कवातरी," ते म्हणाले. तोंड तिच्याकडे नव्हतं, भिंतीकडे होतं. मग सावकाश, मध्येच थांबत, त्यांनी सांगितलं. सुकलू नवाखाईच्या सणाला गावी गेलेला. लटारूला मागे भाताच्या तणसावर निजवून जीप त्यांनी स्वतः काढली. त्यांना बैल हाकता यायचे, गाडी जेमतेम. अंधारी नावाच्या नदीच्या अलीकडे रस्ता वाहून गेला होता. चाक खड्ड्यात आदळलं, इंजिनाचा डावा पाय रबर फाटून खाली बसला, पंखा समोरच्या जाळीवर घासायला लागला. पाऊस. पुढे मागे कोणी नाही.

"दोन घंटे गेले माहे तिथी. दोन घंटे. चांद्याच्या वेशीपाशी त्यानं जीव सोडला. घंटाभर आधी पोचलो असतो तं वाचला असता. मोटारवाला असता कोनी तं धा मिनिटांत केलं असतं." ते थांबले. "ते गाडी उभी राह्यली का मले तेच आयकू येते. म्हून म्हटलं, जाऊ दे. गाडीबी जाऊ दे, अन् तू तुह्या मायपाशी जा. तुह्याकडं पाह्यलं का मले..."

कमळा उभी होती. तिला राग यायला हवा होता, आणि तिने तो शोधलाही. पण एकच गोष्ट तिच्या मनात अडकून राहिली होती, की ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांनी पाचर नेमकी जागेवर मारली कशी. तिला घरात एवढंच सांगितलं गेलं होतं की लटारू तापात बेशुद्ध होता, काही बोलला नाही. तेही शकुबाईच्या तोंडून.

"पाचर मारायची, हे कोनी सांगतलं तुमाले?" तिने विचारलं.

"त्यानंच," गुणवंतराव म्हणाले. "मागून पडल्या पडल्या. धावडा तोड, ओला घे, इकून मार, तिकून मार. हातोडा नाई म्हटलं तं हासला. म्हने, कमरेचा सोड आता, मरून राह्यलो मी."

"हासले?"

"हासला ना. बंडीवाल्याच्या हाती जीप देल्ली का असंच होते, म्हने."

कमळा तिथेच मातीत बसली. पदर डोक्यावरून घसरला तो तिला कळलाही नाही. महिनाभर ती झोपेत ज्याचे नुसते पाय बघत होती, तो त्या पावसात दोन तास बोलत होता, हसत होता. तिने विचारलं, आणखी काय म्हणाले. गुणवंतराव आठवून आठवून सांगत गेले. पाणी मागितलं. बापूजींना खाटेवरून उठवू नका म्हणाला. सुकलूला गाडीवरून काढू नका म्हणाला. आपण बोलतोय ते भावजयीशी, हे विसरून त्यांनी आता तोंड तिच्याकडे वळवलं होतं, आणि तिने पहिल्यांदा पाहिलं, की त्यांच्या भुवया लटारूसारख्या मध्ये जुळलेल्या होत्या.

"अन् तुह्यासाठी एक बोलला," ते म्हणाले. "म्हने, दादा, काही झालं तं कमळाले तार करू नको. ते थांबनार नाई. पूर असला तरी डोंगीत बसन अन् निंगन. पानी उतरल्यावर कार्ड टाक." त्यांनी हाताने तोंड पुसलं. "म्हून कार्ड टाकलं."

भिंतीपलीकडे मोहाची फुलं पडत होती. कमळा रडत होती, आणि ते रडणं थांबवायची तिला घाई नव्हती.

मग ती उठली, पदर डोक्यावर घेतला. "भाऊजी, चला," ती म्हणाली. "रबर टाकाचं हाय. सब्बल धराले दोन मानसं लागतात."

ट्रकच्या जुन्या टायरचा तुकडा सुकलूने कुठूनतरी पैदा केला होता. पोचूने तो कापून तीन पदरी केला, भोक पाडलं. इंजिन उचलायला सब्बलीच्या एका बाजूला सुकलू होता, दुसऱ्या बाजूला गुणवंतराव, धोतर खोचून. शकुबाई दारात उभी राहून नवऱ्याला सांगत होती, कमरेत उसण भरेल. बोल्ट आवळले गेले. ट्रक आला तेव्हा गुणवंतरावांनी ट्रकवाल्याला पाणी विचारलं आणि पोचूला घेऊन रिकामाच परत जायला सांगितलं. पोचू जाताना कमळाला तेलुगूत म्हणाला, अम्मा, सिरोंच्याला जायचं असलं तर आता हीच गाडी नेईल, आणि परत घेऊन येईल.

उन्हं कलली होती. सुकलूने चावी पुढे केली ती गुणवंतरावांकडे. ते मागे सरले, मग पुढे आले आणि बसले. इंजिन सुरू झालं. गाडी मोहाखाली उभी होती आणि काही वाजत नव्हतं. सगळे कान देऊन उभे होते, आणि ऐकायला नुसती बारीक गुणगुण होती, दुपारी माजघरात कोणीतरी झोपल्या झोपल्या श्वास घ्यावा तेवढी.

ओसरीतून बापूजींनी विचारलं, "बंद पडली का रे?"

गुणवंतरावांनी चाकावरचे हात काढले नाहीत. त्यांनी मान वळवून कमळाकडे पाहिलं.

"नाई बापूजी," कमळा म्हणाली. "चालू हाय."